मुझिक, वारली आणि एक बावटा

बावटा हा शब्द आपल्या भाषेत जुना आहे. गलबताच्या डोलकाठीवर बावटा असे, किल्ल्याच्या बुरुजावर असे. पुढे आगगाडी आली तेव्हा तो गार्डाच्या हातात गेला. पालघर, बोईसर, डहाणू ही स्टेशने ज्या लोहमार्गावर आहेत, त्या मार्गावर लाल बावट्याचा अर्थ लहान मुलालाही ठाऊक असतो. पुढे धोका आहे, थांबा! पण ह्याच मार्गाच्या पूर्वेस, मनोरचा बाजार मागे टाकून जंगलपट्टीत शिरले, की तेथल्या पाड्यांवर १९४५ सालापासून ह्या दोन शब्दांना निराळाच अर्थ आला. 'लाल बावटा आला' म्हणजे वेठ गेली.

हा बावटा मूळचा आपला नव्हे. त्यावरचा विळा वारल्याच्या ओळखीचा होता, कारण गवतकापणीच्या दिवसांत तो त्याच्या हातून सुटतच नसे. शेजारचा हातोडा मात्र त्याला परका. विळा-हातोड्याची ही जोडी रशियातल्या क्रांतीनंतर तिकडच्या राज्याने आपली निशाणी म्हणून घेतली, आणि सुमारे पाव शतकात ती ठाणे जिल्ह्याच्या रानात येऊन पोचली. त्या बावट्याने रशियातल्या शेतकऱ्याला काय दिले आणि आमच्या वारल्याला काय दिले, हे दोन्ही हिशेब एका पानावर मांडलेले सहसा आढळत नाहीत. ज्यांना रशिया प्रिय ते एक पान उघडतात, ज्यांना अप्रिय ते दुसरे. दिवाळीत वह्यांची पूजा करण्याचा आपला परिपाठ आहे. तेव्हा ही दोन पाने एकत्र वाचण्यास हा मुहूर्त वाईट नाही.

प्रथम रशियाचे पान.

रशियातल्या शेतकऱ्याला तिकडे मुझिक म्हणत. १८६१ सालापर्यंत ह्या मुझिकांपैकी सुमारे सव्वादोन कोटी माणसे जमीनदारांच्या खाजगी मालकीची होती. मालकीची हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. जमीन विकली की माणसे तिच्याबरोबर जात, आणि कधी कधी जमिनीवाचूनही विकली जात. १७६० पासून तर आपल्या माणसाला सैबेरियात हद्दपार करण्याचा अधिकारही जमीनदाराला मिळालेला होता. मालकाच्या शेतावर फुकट राबण्याला 'बारश्चिना' असे नाव होते. आपण त्याला वेठ म्हणू. पॉल नावाच्या झारने १७९७ साली असे फर्मान काढले की रविवारी वेठ घेऊ नये, आणि आठवड्याचे तीन दिवस मालकाचे व तीन दिवस मुझिकाचे अशी वाटणी असावी. फर्मान राजधानीत निघाले. पेरणी आणि कापणी खेड्यात होती. पाऊस आला की आधी कोणाचे शेत, ह्याचा निवाडा खेड्यातला कारभारी करी, झार नव्हे.

ह्या व्यवस्थेचे सर्वांत बोचरे चित्र गोगोलने १८४२ साली काढले. जमीनदाराची श्रीमंती त्याच्याकडे किती 'आत्मे' आहेत ह्यावरून मोजली जाई. एखादा मुझिक मेला तरी पुढची शिरगणती होईपर्यंत सरकारी यादीत तो जिवंतच राही, आणि त्याच्यावरचा करही चालू राही. गोगोलचा नायक गावोगाव हिंडून असे मेलेले आत्मे स्वस्तात विकत घेतो, कारण कागदावर ते जिवंत असल्यामुळे त्यांच्यावर कर्ज काढता येते! 'मृत आत्मे' ही कादंबरी वाचताना आपण हसतो. पण त्यातला हिशेब अद्भुत नव्हता. तो त्या काळच्या कायद्यात बसत होता. ज्या चेकॉव्हच्या गोष्टी मराठीत एवढ्या आवडीने वाचल्या गेल्या, त्याचा आजा असाच कोणाच्या तरी मालकीचा होता. त्याने पैसा पैसा साठवून १८४१ साली आपले कुटुंब मालकाकडून सोडवून घेतले. जगातला एक श्रेष्ठ लेखक आणि गुलामी ह्यांच्यामध्ये अवघ्या दोन पिढ्यांचे अंतर होते.

क्रिमियाच्या युद्धात रशियाचा पराभव झाला, आणि दुसऱ्या अलेक्झांडर झारला कळून चुकले की हा डोलारा फार दिवस टिकणार नाही. खालून मोडून पडण्याची वाट पाहण्यापेक्षा आपणच वरून मोडावा हे बरे, असे त्याने सरदारांना बोलूनही दाखविले. १८६१ साली मुक्तीचा जाहीरनामा निघाला. मुझिक मोकळा झाला, पण जमीन? ती त्याला विकत घ्यावयाची होती. जमीनदाराला सरकारने पैसे द्यायचे आणि मुझिकाने ते ४९ वर्षे हप्त्याने फेडायचे, असा करार. शिवाय पुष्कळ ठिकाणी कुरण, रान, पाणवठा असा नेमका उपयोगाचा भाग जमीनदाराने कापून स्वतःकडे ठेवला. कुरण मालकाचे म्हणजे गुरे मालकाच्या मेहेरबानीवर. आणि मेहेरबानीची किंमत पुन्हा अंगमेहनतीने चुकवायची. ठाण्याच्या जंगलपट्टीतला कोणीही मनुष्य हे वाचून म्हणेल की ह्यात नवल ते काय.

त्या जाहीरनाम्याची भाषा इतकी बोजड होती की खेड्यातल्या भटजीलाही, म्हणजे तिकडच्या पाद्र्याला, ती नीट उलगडेना. कझान प्रांतात बेझ्द्ना नावाचे एक गाव होते. तेथे आन्तोन पेत्रोव्ह नावाचा थोडेफार वाचता येणारा एक मुझिक होता. त्याने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, आणि त्यातल्या टक्क्यांच्या खुणांत त्याला खरी मुक्ती दिसली! झारने जमीन व मोकळीक दोन्ही दिली आहेत, जमीनदारांनी ती दडवली आहेत, असे तो सांगू लागला. आसपासच्या गावांतून हजारो माणसे त्याच्या झोपडीभोवती जमली. त्यांच्या हातांत शस्त्र नव्हते. एप्रिल १८६१ मध्ये लष्कर आले, पेत्रोव्हला स्वाधीन करा म्हणाले, लोक हलले नाहीत. गोळ्या सुटल्या आणि पन्नासाहून अधिक माणसे तेथेच पडली. पेत्रोव्ह जाहीरनामा डोक्यावर धरून बाहेर आला. पुढे त्यालाही गोळी घातली गेली.

हे बेझ्द्ना वाचकांनी ध्यानात ठेवावे. चौऱ्याऐंशी वर्षांनी आपल्याला त्याची आठवण करावी लागणार आहे.

ह्यानंतरची पिढी शिकलेल्या तरुणांची. आपण ज्या पुस्तकांवर वाढलो ती मुझिकाच्या घामातून आली, हे ऋण फेडले पाहिजे, ह्या भावनेने ती झपाटली. १८७४ च्या उन्हाळ्यात विद्यापीठांतली हजारो मुले-मुली शेतकऱ्याचे कपडे अंगावर चढवून खेड्यांत गेली. कोणी सुतार झाले, कोणी चांभार, कोणी सुईण. त्यांना नरोदनिक म्हणतात. रशियाच्या इतिहासात इतके निर्मळ आणि इतके निष्फळ पर्व दुसरे नसेल. मुझिक त्यांच्याकडे संशयाने पाही. ह्यांचे हात मऊ, बोलणे पुस्तकी; झारबद्दल वेडेवाकडे बोलतात; म्हणजे नक्कीच जमीनदारांनी पाठविलेले असणार! अनेकांना खेडुतांनीच पोलिसांच्या हवाली केले. शेकड्यांनी धरपकड झाली, खटले वर्षानुवर्षे चालले. १८७७ साली चिगिरिन भागात काही क्रांतिकारकांनी वेगळी युक्ती केली. झारच्या नावाचे खोटे फर्मान बनवून त्यांनी मुझिकांची गुप्त संघटना उभारली. सुमारे हजार माणसे आली. पण आली ती झारच्या नावावर. कट उघडकीस आला, आणि फसवणुकीचा डाग तेवढा मागे राहिला.

आता दुसरे पान. ते उघडण्यासाठी मनोरसारखी जागा नाही. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरचे हे गाव. येथून एक रस्ता पश्चिमेला पालघरकडे उतरतो, एक वाड्यावरून भिवंडीकडे जातो, एक विक्रमगडमार्गे जव्हारकडे चढतो. जवळून सूर्या नदी वाहते. बाजारपेठ आणि रान ह्यांच्या उंबरठ्यावरचे हे ठिकाण. आज हा पालघर जिल्हा आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. ह्या पट्टीत वारली, कातकरी, कोकणा, मल्हारकोळी, धोडी ह्यांची वस्ती. पूर्वी रान त्यांचे होते, म्हणजे कोणाचेच नव्हते. १८६४ च्या सुमारास मुंबईपर्यंतचा लोहमार्ग तयार झाला आणि रानातल्या लाकडाला व गवताला मुंबईचा भाव आला. भाव आला की मालक येतो. सावकार आले, ताडीचे मक्तेदार आले, लाकडाचे व्यापारी आले. कर्जाच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली; उरलेले रान सरकारने राखीव केले. दोन पिढ्यांत वारली आपल्याच शेतावर कूळ झाला. रशियात मुझिकाला कागदोपत्री मोकळे केले जात होते त्याच सुमारास येथे एक मोकळा मनुष्य कागदोपत्रीच बांधला जात होता.

बांधण्याची रीत पाहा. वारल्याला लग्नासाठी पैसे लागत. फार नव्हेत, पन्नास रुपये, शंभर रुपये. ते जमीनदार देई, आणि त्या दिवसापासून नवरा व बायको दोघेही त्याच्या घरी गड्यासारखी राबत. ह्याला लग्नगडी म्हणत. फेड किती झाली ह्याचा हिशेब धन्याच्या वहीत, आणि ती वही वाचण्याची विद्या गड्याला नाही. त्यामुळे लग्नगडी बहुधा मरेपर्यंत लग्नगडीच राही. जो लग्नगडी नसे त्यालाही वेठ चुकत नसे. आवणीच्या दिवसांत आधी धन्याचे शेत, मग आपले. आणि आपले होईतो पाऊस निघून जाई. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी घ्यायची आणि सुगीला ती वाढवून फेडायची. ना म्हटले तर मार. हे कोणा चळवळ्याचे म्हणणे नव्हे. सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या सनदी अधिकाऱ्याने १९३८-३९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या आदिवासींची पाहणी केली आणि ठाणे जिल्ह्यातली वेठ व मारहाण सरकारी अहवालातच नमूद केली. अहवाल छापला गेला. वेठ चालू राहिली. बाळासाहेब खेरांसारख्या मुख्यमंत्र्याला आदिवासींची मनापासून कळकळ होती. बोर्डीला आचार्य भिसे ह्यांनी शिक्षणाचे मोठे काम केले. ह्या प्रयत्नांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण शाळा ही पुढच्या पिढीला उपयोगी पडते, आणि वेठ आज सकाळी असते.

रशियाचा बावटा इकडे कसा आला त्याची हकीकत मोठी आहे. येथे धावतीच सांगतो. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, आणि दूर परदेशात परागंदा असलेल्या लेनिनने त्याची आपल्या लेखात आवर्जून दखल घेतली. १९२१ साली तरुण श्रीपाद अमृत डांगे ह्यांनी गांधी आणि लेनिन ह्यांची तुलना करणारे पुस्तक लिहिले. १९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा गिरणीसंप झाला, त्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, आणि तिच्या नावापुढे कंसात 'लाल बावटा' असे लिहिले जाऊ लागले. तेव्हापासून गिरणगावात हे दोन शब्द घरोघरचे झाले. १९४२-४३ मध्ये स्टालिनग्राडची लढाई जुंपली, तेव्हा अण्णा भाऊ साठ्यांनी तिच्यावर पवाडा रचला. डफ-तुणतुण्यावर व्होल्गेकाठची लढाई! शिवकाळाचे पराक्रम गाणाऱ्या त्या छंदाला हा विषय मुळीच परका वाटला नाही.

गिरणगावातून हा बावटा रानात नेला तो श्यामराव व गोदावरी परुळेकर ह्या दांपत्याने. श्यामराव आधी डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातून निवडून आलेले, कोकणातल्या खोतीविरुद्धच्या लढ्यात मुरलेले. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पहिल्या स्त्री-पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सभासद. म्हणजे पाहू गेल्यास ह्या नरोदनिकच होत्या. मऊ हातांच्या, शहरातल्या, पुस्तके वाचलेल्या. त्या रानात शिरल्या तेव्हा पहिला अनुभवही नरोदनिकांचाच आला. पांढरपेशा पोशाख दिसला की वारली झाडीत पळत. कारण त्या पोशाखात आजवर आलेला प्रत्येकजण काहीतरी घेऊनच गेला होता.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिला उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली आले होते. त्यांत माह्या धांगडा हा एक. तो व्यासपीठावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत वेठीची हकीकत त्याने हजारो शेतकऱ्यांसमोर सांगितली. मला ह्या साऱ्या इतिहासातला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नरोदनिकांच्या बाजूने मुझिक कधी असा उभा राहून बोललाच नाही. त्याच्या वतीने दुसरेच बोलत राहिले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची स्वतःची परिषद झाली. पाच हजारांवर माणसे आली. ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. धन्याच्या शेतावर काम करायचे तर रोज बारा आणे रोख घ्यायचे. मार खाऊन घ्यायचा नाही. आणि सगळ्यांनी एकजुटीने राहायचे. त्यांत क्रांती नव्हती, लेनिन नव्हता, सामुदायिक शेती तर नव्हतीच. बारा आणे होते! लोक घरी गेले, दुसऱ्या दिवशी धन्याचा माणूस बोलवायला आला, आणि पाड्यापाड्यांवर त्याला एकच उत्तर मिळाले. पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ पाहता पाहता मोडली. त्यामागोमाग कार्यकर्ते गावोगाव हिंडून लग्नगडी सोडवू लागले.

चेकॉव्हच्या 'चेरीची बाग' ह्या नाटकात फिर्स नावाचा एक म्हातारा नोकर आहे. मुक्तीच्या जाहीरनाम्याला तो 'ती आपत्ती' म्हणतो आणि धन्याच्या घरीच राहतो. लग्नगड्यांतही असे फिर्स असणारच. पन्नास वर्षे एका दारात राबलेल्या माणसाला 'जा, तू मोकळा आहेस' म्हटल्यावर तो जाणार कोठे?

पावसाळा संपला आणि गवतकापणी आली. आपल्या घरी फराळाची तयारी चालते ते हे दिवस. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत ह्या रानातून जाई. वारल्यांनी मागणी केली: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. नाहीतर विळा उचलणार नाही. संप पसरला. तेव्हा जमीनदारांनी जी युक्ती केली ती चिगिरिनच्या कटाची नेमकी उलटी बाजू होती. तेथे क्रांतिकारकांनी झारच्या नावाने खोटे फर्मान काढले होते. येथे जमीनदारांच्या माणसांनी बाईंच्या नावाने खोटा निरोप फिरवला. तलवाड्याला सभा आहे, बाईंच्या जिवाला धोका आहे, हत्यारे घेऊन या. तिकडे पोलिसांना कळवले की वारली लुटालुटीसाठी जमत आहेत. बाई तेव्हा तेथे नव्हत्याच. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो वारली जमले आणि बाईंची वाट पाहत बसले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. गोळ्या चालू असताही लोक हलेनात. बाईंना सोडून जायचे कसे, ही त्यांची अडचण होती.

बेझ्द्नाची आठवण करावी लागेल असे वर म्हटले ते ह्यासाठी. दोन्हीकडे माणसे एका समजुतीपायी जमली, दोन्हीकडे ती हलली नाहीत. पण पुढे काय झाले ते मात्र निराळे. बेझ्द्नानंतर त्या गावात शांतता पसरली. तलवाड्यानंतर संप मोडला नाही. गवताचा दर जमीनदारांना मान्य करावा लागला. पुढच्या वर्षी लाकूडतोडीच्या कामाला सव्वा रुपया रोज मिळावा म्हणून जंगलात संप झाला. आता मुंबईत आपलेच मंत्रिमंडळ होते, आणि गृहखाते मोरारजी देसायांकडे होते. परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन माणसे मेली. स्वराज्याला सात महिने उरले होते.

नरोदनिक हरले आणि हे जिंकले, ते का? मार्क्सचे पुस्तक हाती होते म्हणून, असे त्यांचे अनुयायी सांगतील. माझे मत विचाराल तर बारा आण्यांमुळे. नरोदनिकांनी मुझिकाला जगाची नवी घडी सांगितली. येथे उद्या सकाळी काय करायचे ते सांगितले गेले, आणि ते सांगणारे लवकरच वारल्यांतूनच निघू लागले. झारसारखा दैवी पुरुषही येथे कोणी नव्हता. धनी होता, त्याचा सोटा होता, आणि दोन्ही ओळखीचे होते.

येथवरचा हिशेब सरळ आहे. आता पहिले पान पुन्हा उलटावे लागते; कारण झरीच्या परिषदेत जो बावटा फडकला, त्याच बावट्याखाली त्या वेळी रशियातला मुझिक कसा जगत होता?

१९१७ साली लेनिनने सत्ता घेताच जमिनीचा हुकूम काढला आणि जमीनदारी संपली. मुझिकाने जमीन वाटून घेतली. थोडी वर्षे तो खरोखरच आपल्या शेताचा धनी होता. १९२९ च्या अखेरीस स्टालिनने हे सारे तुकडे सामुदायिक शेतांत ओढावयास आरंभ केला. ज्याच्याकडे दोन गाई अधिक, तो 'कुलाक' ठरे. १९३० आणि ३१ ह्या दोन वर्षांत सुमारे १८ लक्ष माणसे घरादारासकट उचलून उत्तरेला व सैबेरियात नेऊन टाकली गेली. धान्याची सक्तीची वसुली इतकी झाली की १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान आणि व्होल्गाकाठ ह्या सुपीक मुलखांत पन्नास लाखांहून अधिक लोक उपासमारीने मेले. ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामुदायिक शेतातली मूठभर कणसे चोरणाऱ्यालाही दहा वर्षांची कैद, प्रसंगी मृत्युदंड. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देशात ओळखपत्रे सुरू झाली. शहरवाल्यांना ती मिळाली, सामुदायिक शेतावरच्या मुझिकाला नाही. ओळखपत्र नाही म्हणजे गाव सोडून जाता येत नाही. मेहनतीचा मोबदला वर्षाअखेरीस, उरले तर. ह्या रीतीला आपल्या ठाणे जिल्ह्यात एक स्पष्ट मराठी शब्द होता.

हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. गॅरेथ जोन्ससारख्या पत्रकारांनी १९३३ सालीच दुष्काळाची वार्ता इंग्रजी पत्रांत दिली होती. पण ज्यांना रशियाकडून आशा होती त्यांनी ती शत्रूची कंडी समजून बाजूला ठेवली; आणि साम्राज्यशाहीची पत्रे आपल्याविषयी काय काय छापत ते रोज पाहणाऱ्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविकही होते. पुढे फेब्रुवारी १९५६ मध्ये क्रुश्चेव्हने स्टालिनच्या अत्याचारांचा पाढा वाचला, तोही मुख्यतः पक्षातल्या माणसांवर झालेल्या अत्याचारांचा. उपाशी मेलेल्या मुझिकाचे नाव त्या लांबलचक भाषणात आले नाही.

तेव्हा दोन पानांचा मेळ कसा घालावयाचा? लबाडी होती म्हणून सारेच खोटे, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तलवाड्याचे नाव घ्यावे. वारल्याची वेठ खरी होती, ती गेली तेही खरे. आणि सरकारी अहवालांनी जे साधले नाही ते त्या बावट्याखाली साधले. उलट, वारली मुक्त झाला म्हणून रशियाही मुक्त होता, असे म्हणणाऱ्यांनी युक्रेनचे नाव घ्यावे. वारल्याने रशियाकडून घेतले ते फार थोडे होते: एक रंग, एक खूण, आणि जगात कोठेतरी जमीनदार हटले आहेत ही बातमी. ती बातमी खरी होती. तिचा उत्तरार्ध मात्र त्याला कोणी सांगितला नाही. सांगितला असता तर त्याने बावटा खाली ठेवला असता का? मला तसे वाटत नाही. त्याची झुंज समोरच्या धन्याशी होती. पण ज्यांनी तो सांगायचा, त्यांच्यावरचे ओझे ह्यामुळे हलके होत नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. कूळकायदे झाले, काहींना जमिनी मिळाल्या, पुष्कळांना नाहीत. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, श्यामराव ठाण्याहून लोकसभेवर निवडून गेले. १९६० साली उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला, तलासरी इकडे राहिली. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष दुभंगला. परुळेकर ज्या मार्क्सवादी पक्षात गेले त्याने मॉस्कोच्या शब्दापुढे मान तुकवण्याचे सोडले. श्यामराव १९६५ साली स्थानबद्धतेत असतानाच वारले. १९७० साली गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी घरांत वारल्यांची वेठ ठाऊक झाली ती ह्या पुस्तकामुळे. योगायोग असा, की सामुदायिक शेतावरच्या रशियन शेतकऱ्याला ओळखपत्र मिळण्याचा निर्णय १९७४ साली झाला. म्हणजे वारल्याच्या मुक्तीची कहाणी मराठीत छापून, वाचून, गौरवून झाली तरी मुझिकाला गाव सोडायला परवानगी लागतच होती.

२५ डिसेंबर १९९१ च्या रात्री क्रेमलिनवरचा लाल बावटा उतरवला गेला. रशिया आता व्यापाराला येऊ लागला. बोईसरजवळच्या तारापूरला अमेरिकेने बांधून दिलेल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासून चालू होत्या. १९७४ च्या पोखरण स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला, मग फ्रान्सने दिले, चीनने दिले, आणि २००१ साली ते रशियातून आले. बावट्यानंतर ह्या मुलखात पोचलेली रशियाची ही दुसरी मोठी वस्तू. हिची कोणी सभा घेतली नाही.

डहाणू-तलासरीतला बावटा मात्र क्रेमलिनवरचा उतरला म्हणून उतरला नाही. २०१९ आणि २०२४ ह्या दोन्ही विधानसभा निवडणुकांत डहाणूची जागा त्याच पक्षाने जिंकली. आणि मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईला पायी निघाला, तेव्हा त्यातल्या हजारो आदिवासींच्या डोक्यावर लाल टोप्या होत्या. त्यांची मुख्य मागणी २००६ च्या वनहक्क कायद्याची होती. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली, चार हेक्टरांपर्यंतची वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी. स्टालिनच्या राज्यात ज्या खुणेखाली प्रत्येकाचा तुकडा काढून घेतला गेला, ती खूण डोक्यावर घेऊन ही माणसे आपापला तुकडा आपापल्या नावावर मागत होती. ११ मार्चला ती शीवला मुक्कामाला पोचली. दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या मुलांची दहावीची परीक्षा होती. सकाळी रस्ते अडू नयेत म्हणून मोर्चा विश्रांती न घेता रात्रीच पुढे निघाला, आणि पाय फुटलेली ती माणसे झोपलेल्या शहरातून, जुन्या गिरणगावातून, पहाटेपूर्वी आझाद मैदानावर येऊन बसली.